चपला बाहेर, फ्लॉपी आत

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी पाटी होती : ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ आत एसी, ओढलेले पडदे, खाली गालिचा, मॉनिटरवर प्लॅस्टिकचं झाकण. देवघरात शिरावं तसे आम्ही शिरायचो. चपला का काढायच्या, असं एकदा लॅब असिस्टंटना विचारलं. म्हणाले, “धूळ येते. शिवाय व्हायरस.” दोन्ही एका दमात. आम्ही माना डोलावल्या, चपला रांगेत लावल्या आणि खिशातली फ्लॉपी आत नेली. ती फ्लॉपी त्या आठवड्यात चार मशिनांत जाऊन आलेली असायची. तिच्यात प्रोजेक्ट असो वा नसो, कुणाकडून तरी उतरवून घेतलेला एक गेम असायचाच, आणि गेमच्या बोटाला धरून आलेला एक पाहुणा.

याला पंचवीसेक वर्षं झाली. आपण अजून चपला बाहेरच काढतोय. फ्लॉपी अजून खिशात आहे.

तेव्हाचे व्हायरस निदान घरंदाज तरी होते. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला, तर त्यात स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घातला. लागण झाल्यास संपर्क साधावा. आजचा चोर फोन नंबर आपला विचारतो. पुढे इकडे पुण्यात कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी या फ्लॉपीच्या रोगांवर औषधं लिहायला घेतली आणि त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली. काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. हे मला माहीत असण्याचं कारण एकच. आमचे थोरले मामा साताऱ्याचे आहेत आणि कॉम्प्युटर हा शब्द निघाला की ते ही माहिती देतात. त्यापुढची माहिती ते कधी देत नाहीत, कारण त्यापुढचं त्यांना येत नाही. मामांकडे मी परत येणार आहे. आधी टिकली.

आमच्या घरी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली लावलेली आहे. बायकोची, मरून रंगाची. कुणीतरी चोरून बघतं, असं तिनं कुठेतरी ऐकलं. कल्पना वाईट नाही. दाराला पडदा असलेला बरा. पण ज्या दिवशी टिकली लागली त्याच संध्याकाळी तिनं एका साडीच्या सेलमध्ये दहा टक्के सवलतीसाठी नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, मोबाइल नंबर आणि घराचा पत्ता भरून दिला. कॅमेऱ्यातून बघून चोराला काय मिळालं असतं? मी, बनियनवर, पोहे खाताना. फॉर्मातून काय मिळालं, ते पुढे महिनाभर येणाऱ्या कर्जवाल्यांच्या फोनांवरून कळलं.

सोसायटीच्या ग्रुपवर आमचे अध्यक्ष रोज सकाळी इशारे टाकतात. अमुक रंगाचा फोटो उघडू नका, खातं रिकामं होतं. तमुक नंबर उचलू नका, फोन फुटतो. एकही इशारा खरा नसतो, पण त्यामागची तळमळ शंभर नंबरी. याच अध्यक्षांना गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. नाव ओळखीचं नव्हतं. पण लग्नपत्रिका आली आणि मराठी माणसानं उघडली नाही, असं आजवर झालेलं नाही. कुणाचं का असेना, हॉल कुठला आणि जेवण किती वाजता, एवढं तर बघायलाच हवं. फाइलच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरं होती. ती पत्रिका नव्हती, ते अ‍ॅप होतं. फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलंय, बसवू का? अध्यक्ष म्हणाले, हो. त्यानं विचारलं, तुमचे मेसेज वाचू का? अध्यक्ष म्हणाले, वाच बाबा, पण हॉल दाखव. मेसेज वाचायची मुभा म्हणजे ओटीपी वाचायची मुभा. आपल्याकडच्या पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात. ही पत्रिका तेवढी औपचारिकताही पाळत नाही. आहेर ती स्वतःच घेऊन जाते.

पैसे गेल्यावर अध्यक्षांनी काय केलं? सोसायटीत आणखी एक सीसीटीव्ही बसवला.

आता पासवर्ड. माझी बँक दर नव्वद दिवसांनी मला पासवर्ड बदलायला लावते. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि मागच्या पाचांपैकी एकही नको. लग्नासाठी स्थळ शोधतानाही इतक्या अटी नसतात. या अटी आल्या कुठून? अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाचे एक गृहस्थ होते. २००३ साली त्यांनी पासवर्ड कसा असावा यावर काही पानं लिहिली : चिन्हं घाला, आकडे घाला, ठरावीक काळानं बदला. जगभरच्या कचेऱ्यांनी ती पानं पोथीसारखी डोक्यावर घेतली. २०१७ साली निवृत्त बरसाहेबांनी स्वतःच कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच भागाचा आता पश्चात्ताप होतो. कारण सरळ होतं. लोक बदल म्हणून शेवटचा आकडा तेवढा एकानं वाढवायचे. त्याच वर्षी त्या संस्थेनं सक्तीच्या बदलीचा नियम काढून टाकला. ज्यानं पोथी लिहिली त्यानं ती मागे घेतली. आमच्या बँकेत पारायण चालू आहे.

आणि मी करतो काय? जे सारा महाराष्ट्र करतो ते. बाप्पाचं नाव, मग ते ‘@’ चिन्ह, मग वर्ष. तिमाही बदलली की शेवटी एक उद्गारचिन्ह. डिसेंबरात माझ्या पासवर्डाच्या शेवटी इतकी उद्गारचिन्हं जमतात की तो वाचताना घसा बसावा.

आमच्या आत्याबाईंची पद्धत वेगळी आहे. त्यांचे सगळे पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असतात. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, संकष्टीचा चंद्रोदय आणि त्याच्याशेजारी वीजबिलाचा पासवर्ड. पाहून माझा आयटीतला चुलतभाऊ किंचाळला. मी आत्याबाईंच्या बाजूचा आहे. ब्रूस श्नायर हा या विषयातला मोठा माणूस, त्यानं २००५ मध्येच सांगितलं होतं : पासवर्ड चांगला लांब घ्या आणि सरळ कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कागदाचे तुकडे सांभाळायची सवय माणसाला असते. परदेशात बसून हजारो खाती चाचपणाऱ्याला आत्याबाईंच्या फोडणीच्या डब्यामागचं कॅलेंडर दिसत नाही. दिसलं तरी त्यांचं अक्षर लागणार नाही. जानेवारी आला की जुनं कॅलेंडर रद्दीत जातं, तेवढी एक भानगड आहे. पण रद्दीवाल्याला वजनात रस असतो.

खरं तर पासवर्ड जन्मला तोच गळका. अमेरिकेतल्या एमआयटीत साठच्या दशकाच्या सुरुवातीला एकच कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर नावाच्या एका विद्यार्थ्याला वाट्याला आलेले तास पुरेनात. त्यानं काय केलं? हॅकिंग वगैरे काही नाही. पासवर्डांची फाइल छापून मिळावी, असा अर्ज मशिनकडे टाकला. मशिननं छापून दिली. माझा या माणसावर फार जीव आहे. इतक्या सरळपणे चोरी आपल्याकडे फक्त लोणच्याची होते.

आणि आपला पासवर्ड अगदी वज्राचा असला तरी काय? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका शंभरी ओलांडलेल्या सहकारी बँकेतून ९४ कोटींवर रक्कम गेली. एका खातेदाराचाही पासवर्ड कुणी विचारला नाही. एटीएमला ‘हो, पैसे दे’ असं सांगणारी जी यंत्रणा असते तिच्यात शिरून चोरांनी स्वतःच ‘हो’ म्हणायला सुरुवात केली, आणि २८ देशांत माणसं बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहिली. शनिवारचा मुहूर्त. खातेदारांनी बिचाऱ्यांनी त्या वर्षीही उद्गारचिन्हं वेळेवर घातली असणार.

तर मामा.

थोरले मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. व्हिडिओ गेमबद्दल त्यांचं मत १९९३ पासून बदललेलं नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मामेभाऊ त्यांच्या टीव्हीला गेम जोडून बसलो होतो. गेम माझ्या वडिलांनी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेला. त्याबरोबर एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं : ‘९९९९९९९ इन १’. नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. एकात.

आम्ही दोघांनी त्या आकड्यावर एक अख्खी रात्र विश्वास ठेवला. पहिला मारिओ. दुसरा बंदुकीवाला. तिसरा बदकं मारायचा. मग रणगाडे, मग कुऱ्हाड फेकणारा तो बुटका. सहा-सात झाले आणि पुन्हा मारिओ आला, फक्त नाव वेगळं. मामेभाऊ म्हणाला, हा दुसरा मारिओ असेल. मग तिसरा मारिओ. हा उडी जरा उंच मारायचा. खाली जा, खाली जा, पुढे नवीन असतील. पन्नासाव्या क्रमांकाच्या पुढे केव्हातरी, पहाटे, आकाशकंदिलाच्या उजेडात मला कळलं की गेम सहा-सातच आहेत आणि बाकी नव्व्याण्णव लाख ही नावं आहेत. पुढे कधीतरी हिशोब केला : प्रत्येक गेमला एकच मिनिट दिलं असतं, तरी न झोपता १९ वर्षं लागली असती. तोवर दोघांची लग्नं ठरली असती.

कॅसेट चालली नाही की आम्ही ती काढून तिच्यात फुंकर मारायचो. हे कुणी शिकवलं नव्हतं; बहुधा ते गर्भातच शिकून यायचं. ज्यांनी हा मूळ खेळ बनवला त्या निन्टेंडोनं तर फुंकू नका असं सांगून ठेवलं होतं, कारण तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या गंजतात. कॅसेट चालायची ती फुंकरीमुळे नव्हे, काढून पुन्हा बसवल्यामुळे. पण फुंकरीवाचून बसवलेली कॅसेट आम्हाला अशुद्ध वाटायची. चपलांचंच हे भावंड.

चौथ्या दिवशी मामांच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली. मामा म्हणाले, गेममुळे गेली. मी म्हणालो, व्होल्टेजमुळे. माझं जाहीर मत आजही तेच आहे.

पण त्या कॅसेटनं मला जे दिलं ते कॉलेजच्या लॅबनं दिलं नाही. वयाच्या दहाव्या वर्षी, वडिलांच्या थोड्याशा रुपयांत, खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा हे मला कळलं. आज दुकानदार सांगतो, साहेब, १०८ मेगापिक्सेल. मी म्हणतो, वा, जपमाळेचा आकडा. तो कॅमेरा नऊ-नऊ ठिपके एकत्र करून नेहमीचा फोटो काढतो तो १२ मेगापिक्सेलचा. नव्व्याण्णव लाखांतले सातच. फोनवर छापलेलं असतं १२८ जीबी. कॉम्प्युटरला जोडून बघावं तर ११९, कारण खोकं छापणारा हजारानं गुणतो आणि कॉम्प्युटर १०२४ नं भागतो. त्यातही कंपनीची स्वतःची बिऱ्हाडं आधीच राहायला आलेली. ‘अनलिमिटेड’ डेटा दिवसाला दीड जीबीला संपतो. आणि २००५-०६ च्या सुमारास ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ कार्ड मिळायचं, ते आठवतंय? मामांनी घेतलं होतं. आयुष्यभर इनकमिंग. २०१८ च्या अखेरीस मेसेज आला की दरमहा किमान ३५ रुपये भरा. मामा अजून ठणठणीत आहेत; आयुष्य संपलं ते कार्डाचं. मी त्यांना म्हणालो, मामा, ही तीच पिवळी कॅसेट. ते म्हणाले, गेमचं नाव काढू नकोस.

पब्जीचंही तेच. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात पब्जी गेलं. मामांनी त्या दिवशी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पुढच्या वर्षी जुलैत ते परत आलं : नाव नवं, नावात ‘इंडिया’, आणि रक्ताचा रंग हिरवा. खाली जा, खाली जा, पुढे नवीन असतील. मामांचा बारा वर्षांचा नातू पहिल्याच मिनिटाला म्हणाला, “आबा, हे तर तेच आहे.” त्याला कळायला एक मिनिट लागलं. मला एक रात्र लागली होती. पिढी सुधारतेय, ती अशी.

या नातवाची एक गोष्ट. तो नऊ वर्षांचा असताना दुसऱ्या एका गेममध्ये कुणीतरी त्याला सांगितलं, पासवर्ड दे, फुकट हिरे देतो. यानं दिला. हिरे आले नाहीत, खातं गेलं, दोन वर्षांच्या वाढदिवसांच्या पाकिटांतून जमवलेला पोशाख आणि बंदुकीचा रंग गेला. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. घरात सगळे म्हणाले, बघा, हे गेमचे परिणाम. मी म्हटलं, टोचून झालं. पूर्वी देवीची लस टोचायचे, दंडावर जन्मभराचा वण राहायचा; तसा हा. फुकट हिरे देणारा अनोळखी माणूस कसा बोलतो, घाई कशी करतो, ‘फक्त आजच’ का म्हणतो, हे त्या मुलानं नवव्या वर्षी, खोट्या पैशांत शिकून घेतलं. मामा हे शिकणार होते सत्तराव्या वर्षी, खऱ्या पैशांत.

यंदा श्रावणातल्या एका दुपारी मामांना व्हिडिओ कॉल आला. खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर छोटा झेंडा. तुमच्या आधार क्रमांकावर पार्सल पकडलंय. त्यात नको ते सापडलंय. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही.

मामा हलले नाहीत. चार तास. मामींनी चहा आणला तर हातानंच खूण केली, ठेव. एकदा तर मोरीकडे जायची परवानगी मागितली, आणि समोरच्यानं ती दोन मिनिटांसाठी दिली. दीड मिनिटात परत आले. हा माणूस नोकरीत असताना कार्यकारी अभियंत्यालाही उलट बोलायचा. पण अटक म्हटल्यावर शहाण्या माणसानं शहाण्यासारखं बसावं, ही शिकवण हाडात. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून हे सांगितलं : थांबा, विचार करा, मग कृती करा. मामांनी ते भाषण ऐकलं होतं. थांबण्याचा भाग त्यांनी फार मनावर घेतला.

नातू शाळेतून आला. दप्तर टाकलं, आबांच्या खांद्यामागून बघितलं, जरा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “आबा, तो मागचा पोलीस तिसऱ्यांदा तीच फाइल घेऊन डावीकडून उजवीकडे चाललाय. मागचं सगळं लूपवर आहे.”

मामांनीही ते पाहिलं होतं. नंतर त्यांनीच सांगितलं. पण सरकारी कार्यालयात तीच फाइल तोच माणूस पुन्हा पुन्हा फिरवतो, यात त्यांना वावगं काही वाटलं नव्हतं. चौतीस वर्षांची नोकरी.

पोरानं फोन बंद केला. मुदत ठेव मोडायला बँकेत जायचं ठरलेलं, ते राहिलं. मामींनी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. पैसे गेले असते तर पहिल्या तासाभरात हा नंबर लावायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं, कारण कुणालाही फोन करावा तर आधी त्याच सरकारी इशाऱ्याची कॅसेट ऐकावी लागायची. त्या इशाऱ्याला अख्ख्या देशानं शिव्या घातल्या. मामींनी पाठ केला.

आता एवढं सगळं झाल्यावर मामांचं गेमबद्दलचं मत बदललं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे. ते म्हणाले, “हे बघ, गेम खेळून पोरांची नजर अशी होते. कुणावर विश्वासच ठेवत नाहीत.”

मीही काही गेमचा वकील नाही. रात्री तीनपर्यंत मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणाऱ्या पोराच्या आईला लस वगैरे सांगायला गेलो, तर ती मला लाटणं टोचेल, आणि बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत या व्यसनाला जागा दिली आहे. पण गेम म्हटलं की आपण बोट दाखवतो ते पोराकडे. पैसे लावून खेळायचा गेम पोरांचा नव्हताच. तो बाबांचा होता. टीव्हीवर नामवंत खेळाडू येऊन सांगायचे, आपली टीम बनवा. खालच्या पट्टीत कुणीतरी एका श्वासात म्हणायचं, यात आर्थिक जोखीम आहे आणि व्यसन लागू शकतं. भारतीय संघाच्या छातीवर अशाच एका खेळाचं नाव होतं. त्याला कुणी गेम म्हणत नव्हतं, कौशल्य म्हणायचे. सरकारनं १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यावर २८ टक्के जीएसटी घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला काही नाही, त्यानं आपला दंड आधीच हप्त्यांनी भरलेला.

त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधान परिषदेत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा पट दिसला आणि गहजब झाला. त्यांनी खुलासा केला की आपण खेळत नव्हतो, फोनवर आलेला खेळ काढून टाकत होतो. महाराष्ट्र हसला. मी हसलो नाही. फोनवर आपोआप उघडलेली जाहिरात बंद करायला गेलेल्या माणसाचे हाल मला ठाऊक आहेत. ती बंद करायची फुली तिळाएवढी असते, करड्यावर करडी असते, पाच सेकंदांनी येते, आणि दाबली की दुकान उघडतं. असल्या लबाड्यांना आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये चक्क नावं देऊन ठेवली आहेत, मोजून १३. टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सभासदत्व सोडायचा दरवाजाच लपवणं. फुलीनं गाठलेल्या माणसाबद्दल म्हणूनच मला सहानुभूती आहे. मंत्रिमहोदयांकडचं कृषी खातं पुढे गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. महाराष्ट्र पुन्हा हसला. या वेळी मीही.

असो. मामांचं सांगतो. डिजिटल अटकेनंतर मामा जे सावध झाले, ते विचारू नका. अनोळखी नंबर उचलतात, पण बोलत नाहीत. समोरचा काय बोलतो ते ऐकतात आणि वहीत नोंद करतात. गॅसवाल्याला ओळखपत्र. कुरिअरवाल्याला ओळखपत्र. हल्ली आवाजाचीही नक्कल होते, असं नातवानं सांगितल्यापासून घरच्यांनाही प्रश्न. ज्याचं उत्तर फक्त घरच्या माणसालाच माहीत असेल असा प्रश्न विचारा, ही युक्ती खरोखर चांगली आहे, तज्ज्ञही हेच सांगतात.

यंदा दिवाळीला साताऱ्याला निघालो. स्वारगेटला पोचलो तर फोन बंद, पाकीट घरी. हल्ली पाकीट लागतं कुठे. चहावाल्याचा फोन मागून घेतला, मामांचा नंबर पाठ होता, लावला.

“मामा, मी बोलतोय. फोन बंद पडलाय, पाकीट विसरलंय, गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत. या नंबरवर पाचशे रुपये पाठवा, लगेच.”

बोलता बोलताच लक्षात आलं की मी शब्दन् शब्द चोराचा बोलतोय. अनोळखी नंबर, अडचण, घाई, रक्कम. मी असतो तर मीही फोन ठेवला असता.

पलीकडे शांतता. वहीचं पान उलटल्याचा आवाज. मग मामा म्हणाले, “१९९३ च्या दिवाळीत आमच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब कुणी घालवली?”

“मामा, गाडी...”

“कुणी?”

चहावाला बघत होता. मागे साताऱ्याचा बोर्ड लावलेली गाडी घरघरायला लागली होती. बत्तीस वर्षं जपलेलं जाहीर मत मी स्वारगेटच्या फलाटावर टाकलं.

“मी.”

“कशी?”

“स्टॅबिलायझरला एकच सॉकेट होतं. टीव्हीची पिन काढून तिथे गेमचा अ‍ॅडॉप्टर लावला होता. टीव्ही थेट भिंतीतल्या सॉकेटला.”

पुन्हा शांतता. मग मामींना सांगितलेलं ऐकू आलं, “आपलाच आहे गं, पाठव पाचशे.” आणि मग मला, अगदी सावकाश :

“स्टॅबिलायझरचं मला माहीत नव्हतं.”